न नोंदलेल्या झाडाला मोल नसते

भूसंपादनात मालमत्तेची वाजवी किंमत मिळवायची तर तयारी आधीच हवी

रस्ता, कालवा, तलाव किंवा रेल्वे आपल्या शिवारातून जाणार अशी कुणकुण लागली की गावात पहिला प्रश्न निघतो, 'एकराला भाव काय मिळणार?' पारावर, डेअरीवर, बाजाराच्या दिवशी एसटीत तोच विषय. जमिनीचा भाव महत्त्वाचा आहेच. पण त्या जमिनीवर जे उभे आहे, म्हणजे विहीर, पाइपलाइन, फळझाडे, बांधावरचा साग, गोठा, कांदाचाळ, एखाद्याची पिठाची गिरणी, त्याचा हिशेब फार थोडे लोक मांडतात. मोबदला हातात पडला की मग लक्षात येते, 'अरे, आपली विहीर तर तक्त्यात धरलीच नाही!' तेव्हा धावाधाव सुरू होते. बैल गेला अन् झोपा केला, त्यातला प्रकार.

कायदा या वस्तूंची किंमत द्यायला सांगतो. अडते ते पुराव्यापाशी. वस्तू रानात आहे, पण कागदावर नाही, अशी स्थिती असेल तर मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याचा हात आखडतो. म्हणून हे मूल्यांकन कसे होते आणि त्यासाठी शेतकरी बंधू-भगिनींनी कोणती तयारी ठेवावी, ते इथे मांडले आहे.

वाजवी बाजारभाव म्हणजे काय?

जनावरांच्या बाजारात बैलजोडीचा सौदा कसा होतो, ते आपण जाणतो. विकणाऱ्याला नड नाही, घेणाऱ्याला घाई नाही, दोघांनीही दात पाहिलेत, चाल पाहिली आहे. अशा वेळी रुमालाखाली जो आकडा जमतो तो वाजवी बाजारभाव. भूसंपादनात मात्र विकणारा आपण होऊन विकत नसतो. त्यामुळे सौदा होत नाही, आणि किंमत नियमाने काढावी लागते.

हा नियम २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. १८९४ चा इंग्रजांच्या काळातला कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून हा कायदा लागू झाला. त्यानुसार जिल्हाधिकारी प्रामुख्याने दोन आकडे काढतात. एक, मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला बाजारमूल्य दर, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. दुसरा, त्याच गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या तशाच प्रकारच्या जमिनींच्या खरेदीखतांवरून निघणारी सरासरी. खासगी कंपनीसाठी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पासाठी संपादन असेल, तर संमतीने ठरलेली रक्कम हा तिसरा आकडा. यातला जो सर्वांत जास्त, तो धरायचा.

सरासरीची रीतही समजून घ्यावी. मागच्या तीन वर्षांतली नोंदणीकृत खरेदीखते पाहिली जातात आणि त्यातली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढतात. समजा अशी १० खरेदीखते आहेत, तर वरच्या भावाची ५ घ्यायची. हे सगळे प्राथमिक अधिसूचना ज्या दिवशी निघाली, त्या दिवसाच्या हिशेबाने. त्यानंतर भाव चढले तरी ते या हिशेबात येत नाहीत.

इथे 'तशाच प्रकारची जमीन' हे शब्द महत्त्वाचे. बागायत जमिनीची तुलना बागायतीशी, जिरायतीची जिरायतीशी. तुमची जमीन विहिरीवर भिजते, पण सातबाऱ्यावर सगळी जिरायत दिसते, तर तुलना जिरायतीशी होणार. फरक तिथेच पडतो.

कमी किमतीचे खरेदीखत साऱ्या गावाला भोवते

गावात एक जुनी सवय आहे. व्यवहार एका आकड्याला होतो आणि खरेदीखतात दुसराच आकडा लिहिला जातो. रेडी रेकनरच्या दराएवढीच किंमत दाखवायची, बाकीचे रोख. मुद्रांकाचे चार पैसे वाचले म्हणून दोघेही खूश. पण तीच खरेदीखते उद्या गावाचा भाव ठरवताना समोर येतात. सगळ्यांनीच किंमत दाबून लिहिली असेल तर वरची निम्मी घेऊनही सरासरी खालीच राहते. 'साहेब, खरा भाव तर दुप्पट चालू आहे,' असे सांगून उपयोग होत नाही. कागद दाखवा म्हणतात. ज्याने चार पैसे वाचवले तो कदाचित संपादनात येतच नाही, भोगतो दुसराच.

अधिसूचना निघाल्यावर आपल्या व शेजारच्या गावातल्या खरेदीखतांचे 'इंडेक्स टू' म्हणजे सूची क्रमांक दोनचे उतारे दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोध सेवेतून काढून ठेवावेत. वरच्या भावाचे एखादे खत हिशेबातून सुटले असेल तर ते दाखवता येते.

एका रुपयामागे दोन

जमिनीचा बाजारभाव निघाला की ग्रामीण भागात त्याला गुणक लावतात. हा गुणक कायद्याने १ ते २ च्या दरम्यान ठेवला असून तो राज्य सरकार ठरवते. आपल्या प्रकल्पाला कोणता गुणक लागू आहे, हे भूसंपादन अधिकाऱ्याला लेखी विचारावे. त्यानंतर जमिनीवरच्या मालमत्तेचे मूल्य त्यात मिळवायचे आणि जी बेरीज येईल तेवढीच आणखी दिलासा रक्कम द्यायची. म्हणजे बेरीज दुप्पट होते.

उदाहरण घेऊ. समजा एक हेक्टर जमिनीचा बाजारभाव १० लाख रुपये निघाला आणि गुणक २ आहे. जमिनीचे झाले २० लाख. त्यावरची विहीर, झाडे, गोठा मिळून ४ लाख. बेरीज २४ लाख, दिलासा रक्कम २४ लाख, एकूण ४८ लाख. आता त्याच शेतकऱ्याची विहीर, झाडे आणि गोठा यातले काहीच तक्त्यात आले नाही असे धरा. मग एकूण ४० लाख. मालमत्ता सुटली ४ लाखांची, नुकसान झाले ८ लाखांचे. म्हणजे तक्त्यातून सुटलेल्या प्रत्येक रुपयामागे शेतकऱ्याचे दोन रुपये जातात. याशिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के अशी वेगळी रक्कम असते. ती अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यातले जे आधी होईल तोवर मोजतात.

फळझाडाचे मोल कसे काढतात?

फळझाडांचे मूल्यांकन कृषी खात्याकडे येते, लाकडी झाडांचे वन खात्याकडे. सागाचे, लिंबाचे, बाभळीचे मोल लाकडावरून. त्यासाठी छातीइतक्या उंचीवरचा घेर आणि खोडाची उंची मोजतात. फळझाडाचे मोल उत्पन्नावरून निघते. झाडाचे वय, वाण, प्रकृती, सरासरी माल, त्याला मिळणारा भाव, त्यातून वजा जाणारा खर्च आणि झाड अजून किती वर्षे फळणार, एवढ्या गोष्टी पाहतात. समजा मोसंबीच्या एका झाडामागे खर्च वजा जाता वर्षाला ५०० रुपये राहतात. त्याला किती वर्षांचा गुणक लावला, यावर किंमत ठरते. आठ लावला तर ४,०००, दहा लावला तर ५,०००. म्हणून तक्त्यात नुसती शेवटची रक्कम पाहू नये. माल किती धरला, भाव कुठला धरला, गुणक किती, हे तिन्ही विचारावे. अजून फळाला न आलेल्या कलमांची किंमत लागवड आणि जोपासनेच्या खर्चावर काढतात.

आता हे पटवायचे कशाने? तोंडी सांगितले की, 'झाडाला तीनशे फळं लागतात साहेब,' तर ते टिकत नाही. बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी दाखवली की टिकते. बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली असेल तर त्याची चिठ्ठी किंवा बँकेत जमा झालेली रक्कम दाखवावी. लागवडीच्या वर्षासाठी रोपवाटिकेची पावती, ठिबकच्या अनुदानाची फाइल, फळपीक विम्याची पावती यांचा उपयोग होतो. १९९० पासून रोजगार हमीतून ज्यांनी फळबाग लावली, किंवा २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजनेतून लावली, त्यांच्याकडे मंजुरीचे पत्र असते. झाडाच्या वयाचा तो पक्का पुरावा. पत्र्याच्या पेटीत ते तळाशी पडले असेल, तर वर काढून ठेवावे.

सर्वांत मोठा पुरावा मात्र सातबाऱ्याचा. गाव नमुना बारा म्हणजे पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला आपल्या मोबाइलवरून पीक नोंदवता येऊ लागले. त्यात फळबाग नोंदवता येते, बांधावरची झाडे नोंदवता येतात. तरीही कित्येक जण कापूस-सोयाबीन तेवढे नोंदवतात, तेही हमीभावाने विकायचे म्हणून. बांधावरचे आंबे, चिंचा, साग तसेच राहतात. काही ठिकाणी तर कागदावर पड आणि रानात बाग. मोजणीच्या दिवशी शेतकरी म्हणतो, 'झाडं डोळ्यांना दिसतायत की, लिहा ना!' दिसणारे झाड पंचनाम्यात लिहिता येते. पण ते अधिसूचनेच्या आधीचे की नंतरचे, हा प्रश्न उरतोच.

हा संशय उगाच आलेला नाही. रस्त्याची आखणी जाहीर झाली की रातोरात दाट कलमे लावण्याचे प्रकार झाले आहेत. आंब्याचे पारंपरिक अंतर १० बाय १० मीटर, म्हणजे हेक्टरी १०० झाडे. घन लागवडीत ५ बाय ५ मीटरवर ४००. मोसंबी ६ बाय ६ मीटरवर २७७, डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर ७४०. यापेक्षा कितीतरी जास्त कलमे हातभर अंतरावर दिसली की सगळ्या गावाच्या झाडांकडे संशयाने पाहिले जाते. त्यात पंधरा वर्षे बाग जोपासणारा खरा बागाईतदारही भरडला जातो. म्हणून अशी लबाडी गावानेच थोपवावी.

विहीर, बोअर आणि जमिनीखालची पाइपलाइन

विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते आज पाहावे. नसेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करून फेरफाराने नोंद करून घ्यावी. सामाईक विहीर असेल तर कोणाचा किती हिस्सा, तेही लिहिलेले हवे. भाऊबंदकीत तोंडी ठरलेली पाण्याची पाळी मोबदला वाटताना कोणी ऐकत नाही. विहिरीचे मूल्यांकन करणारा अभियंता व्यास, खोली, बांधकाम आणि खडकातले खोदकाम पाहतो. योजनेतून विहीर झाली असेल तर मोजमापाची नोंद आणि कृषिपंपाचे वीजबिल जोडावे.

पाइपलाइन दिसत नाही, म्हणून ती हमखास सुटते. पाइपाची बिले, कर्जाची कागदपत्रे, आणि कुठून कुठे गेली त्याचा गट नंबर घालून केलेला हाताचा नकाशा तयार ठेवावा. मोजणीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी उकरून पाइप दाखवावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पट्टा गेला अर्ध्या एकराचा, पण त्यात विहीर गेली आणि राहिलेली चार एकर बागायत कोरडी पडली. किंवा रस्त्याने शेताचे दोन तुकडे झाले आणि पलीकडे जायला वाट राहिली नाही. अशा तुकडे पडण्याने होणाऱ्या आणि उरलेल्या मालमत्तेला पोचणाऱ्या नुकसानीचा विचार करण्याची तरतूद कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. पण ती मागणी आपण लेखी करायला हवी.

घर, गोठा आणि धंदा

घराचे, गोठ्याचे, शेडचे मूल्यांकन साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग चालू दरसूचीवरून करतो. बांधकामाचे वय धरून घसारा वजा केला असेल, तर किती केला ते तक्त्यात पाहावे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद असावी. घरपट्टी वाढेल म्हणून पुष्कळ जण शेतातली वस्ती, वाढवलेल्या खोल्या नोंदवत नाहीत. वर्षाची थोडी पट्टी वाचते आणि पुढे बांधकाम कोणाचे, कधीचे, हे सिद्ध करण्यात चपला झिजतात. घराचा थोडाच भाग संपादनात जात असेल तर पूर्ण घर घ्या, असे म्हणण्याचा हक्क मालकाला आहे.

कुक्कुटपालनाचे शेड, पिठाची गिरणी, रस्त्याकडेचे दुकान असेल तर नुसत्या भिंती मोजून भागत नाही. यंत्र काढून दुसरीकडे बसवण्याचा खर्च, जागा बदलण्याचा वाजवी खर्च आणि कमाईचे नुकसान हेही कलम २८ मध्ये येते. त्यासाठी परवाना, उद्यम नोंदणी, वीजबिल, खरेदी-विक्रीच्या वह्या लागतात. वही नसेल तर आजपासून घालावी.

संयुक्त मोजणीच्या दिवशी

भूमी अभिलेख, महसूल, कृषी, वन, बांधकाम अशी सगळी माणसे एका दिवशी शिवारात येतात ती संयुक्त मोजणी. एका दिवसात अनेक गट उरकायचे असतात. त्या दिवशी खातेदाराने स्वतः हजर राहावे. पोराला किंवा वाटेकऱ्याला धाडू नये. आधल्या दिवशीच झाडांना नंबर टाकावेत, वाण व वयाप्रमाणे यादी करावी, तारीख आणि ठिकाण येईल असे फोटो काढावेत. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. काही सुटले असेल तर तिथेच हरकत लिहावी आणि पंचनाम्याची प्रत मागावी.

मोठी बाग, घर किंवा कारखाना जात असेल तर स्वतःच्या खर्चाने नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल करून घेता येतो. २०१७ च्या नियमांनुसार जमीन-इमारत आणि यंत्रसामग्री यांसाठी असे वेगवेगळे नोंदणीकृत मूल्यांकक असतात. त्यांचा आकडा सरकारवर बंधनकारक नाही, पण दाव्याला आधार मिळतो. हा अहवाल ताबा जाण्यापूर्वी करावा. बुलडोझर फिरल्यावर मोजायला काही उरत नाही.

निवाडा मान्य नसेल तर

कलम २१ ची नोटीस आली की आपला दावा लेखी द्यावा. त्यात प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी. निवाड्यातली रक्कम कमी वाटली तर पैसे नाकारण्याची गरज नाही. पण ते 'हरकत राखून' घेत आहोत असे लेखी द्यावे. हरकत न नोंदवता पैसे उचलले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असेल तर हा अर्ज निवाड्यापासून सहा आठवड्यांत करायचा. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातली जी मुदत आधी संपेल ती. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन १९५६ च्या वेगळ्या कायद्याने होते आणि तिथे दाद लवादाकडे मागावी लागते. म्हणून नोटिशीवर कोणता कायदा आणि कोणते कलम लिहिले आहे, ते आधी वाचावे.

सहमतीने थेट खरेदीखत करून देणाऱ्यांनी तर दुप्पट जपावे. एकदा सही झाली की वाढीव मोबदल्याचा रस्ता सहसा बंद होतो. झाडे, विहीर, पाइपलाइन तक्त्यात आली का, हे सहीच्या आधी पाहावे.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी मनावर घेतले तर हे काम एका हंगामात होण्यासारखे आहे. ग्रामसभेत एक दिवस ठरवून शिवारफेरी काढावी. ज्यांच्या विहिरींची नोंद नाही त्यांची यादी करावी, पीक पाहणीत राहिलेल्या बागा आणि बांधावरची झाडे मोबाइलवर भरून द्यावीत. मयत खातेदारांच्या वारसनोंदी कराव्यात. बाप जाऊन दहा वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर त्याचेच नाव, अशा ठिकाणी मोबदला अडकून पडतो आणि बहिणी-भावांत वितुष्ट येते. संपादन सुरू करण्यापूर्वी त्या भागातले बाजारमूल्य चालू भावाप्रमाणे सुधारून घ्यावे असे कायदाच जिल्हाधिकाऱ्यांना सांगतो. तशी मागणी ग्रामसभेने ठराव करून वेळेवर पाठवावी.

आपल्या शिवारातून काही जाणार नाही, असे वाटत असले तरी ही कागदपत्रे वाया जात नाहीत. बँकेचे तारण, भावाभावांतली वाटणी, वादळात-आगीत झालेल्या नुकसानीचा पंचनामा, प्रत्येक ठिकाणी वस्तूची किंमत विचारली जाते आणि पुरावा मागितला जातो. तेव्हा येत्या आठवड्यात ताजा सातबारा काढावा, तो हातात घेऊन एकदा बांधाने फिरावे, आणि रानात आहे पण कागदावर नाही अशी प्रत्येक वस्तू पेन्सिलीने टिपून घ्यावी. ती यादी घेऊन तलाठ्याकडे जावे. झाडांच्या बाबतीत काही अडले तर कृषी खात्याचा माणूस गावात येतोच, त्याला बांधावर घेऊन जावे.